राजढगावर कोण झोपणार

त्या घरात गादीविषयी वाईट बोललेलं चालायचं नाही. माणसांविषयी काय वाटेल ते बोला. शेजाऱ्यांच्या अब्रूची लक्तरं जेवणाच्या टेबलावर रोज वाळत पडायची, सख्ख्या आत्याचा उल्लेख 'ती अवदसा' असाच व्हायचा. पण गादीचा विषय निघाला की सगळ्यांचे आवाज आजाऱ्याच्या खोलीत शिरल्यासारखे खाली यायचे.

कारण घर गादीवर चालत होतं. सासरे म्हणजे दुकानातले थोरले मालक, नवरा म्हणजे धाकटे मालक, आणि बाजाराच्या तोंडाशी दोघांचं तीन मजली दुकान. खालच्या मजल्यावर उशा, मधल्यावर साध्या गाद्या, आणि सगळ्यात वर, काचेच्या दाराआड, राजढग. ही ह्या घराण्याने जगाला दिलेली देणगी होती, निदान बाहेरच्या पाटीवर तसं लिहिलेलं होतं. गादी कसली, दलदलच. माणूस तिच्यावर आधी बसायचा, मग उतरत जायचा, आणि शेवटी त्याचं नाक आणि पायाचे अंगठे एवढंच काय ते बाहेर उरायचं. धाकटे मालक ह्याला 'मिठी' म्हणायचे. गादी तुम्हाला मिठी मारते, असं गिऱ्हाइकाला सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. त्यांना ते हुकमी काढता यायचं.

घरातली सून, जिला सगळे सूनबाईच म्हणायचे, ती ह्या मिठीला गिळणं म्हणायची. मनातल्या मनात. बाळंतपणाच्या रजेवर येण्याआधी ती काचसामानाच्या कारखान्यात पॅकिंगचं खातं सांभाळायची. माणूस भेटला की ती आधी मनात त्याचं पॅकिंग करून टाकायची. सासऱ्यांसाठी लाकडी खोका, वरून खिळे ठोकून. नवऱ्यासाठी काही खास लागणार नव्हतं. नुसता रिकामा खोका पाठवला असता तरी घेणाऱ्याने तक्रार केली नसती.

नवऱ्याचा एक प्रयोग होता. पाण्याने काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास राजढगावर ठेवायचा, बूट काढायचे, आणि ग्लासाशेजारी उडी मारायची. ग्लास हलायचा नाही, थेंब सांडायचा नाही. गिऱ्हाइकं तोंडात बोटं घालायची आणि धाकटे मालक मान खाली घालून टाळ्यांची वाट बघायचे. लग्नाच्या पहिल्या रात्रीही त्यांनी बायकोला हा प्रयोग करून दाखवला होता. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत म्हणून पुन्हा एकदा.

मग बाळ झालं. नावावर घरात एकमत होईना, म्हणून तोवर सगळे त्याला भोंगा म्हणू लागले, आणि ते नाव इतकं चपखल बसलं की दुसरं शोधायचं कोणी मनावरच घेतलं नाही. आईच्या अंगावर असला की भोंगा लगेच पेंगायचा. पाळण्यात ठेवला की वाजायला लागायचा. पाळणा चांगला होता, पलंगाशेजारीच होता, त्याच्याविषयी सगळ्यांचं मत चांगलं होतं. एकट्या भोंग्याचं नव्हतं. झोके देऊन झाले, अंगाई गाऊन झाली, अंगाई संपल्यावर सूनबाईने पॅकिंग खात्यातल्या सूचनासुद्धा चालीवर म्हणून पाहिल्या. पाठ पाळण्याला टेकली रे टेकली की पठ्ठ्या लाल व्हायचा.

म्हणून ती बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर त्याला छातीशी धरून बसून राहायची. कंबरेचे तुकडे पडायचे, डोळ्याला डोळा लागायचा नाही. आणि एका पहाटे तो लागला. जाग आली ती शांततेने. हात हलका झाला होता. भोंगा कोपरातून घसरून सोफ्याच्या पाठीच्या फटीत गेला होता, नाक मऊ उशीत रुतलेलं, आणि तो गप्प होता. तिने त्याला ओढून काढलं. एक श्वास आत गेला आणि मग असा भोंगा वाजला की शेजारच्या घरात कोणीतरी खिडकी आपटून बंद केली. इतका गोड आवाज तिने आयुष्यात ऐकला नव्हता.

नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला की सोफ्यातला फोम दुसऱ्या कंपनीचा आहे.

त्याच आठवड्यात बाळाचं वजन करायला नर्सबाई घरी आल्या. रुंद हाडाची, कमी बोलणारी बाई. सोफ्याचं ऐकून त्यांनी काटा बाजूला ठेवला आणि सूनबाईला समोर बसवून नीट सांगितलं. बाळ वेगळं, पाळण्यात, तुझ्याच खोलीत झोपलं तर सगळ्यात उत्तम. पण हा झोपत नाही आणि तू कधीतरी कलंडणारच. तेव्हा सोफ्यावर चुकून झोप लागण्यापेक्षा, त्याला जवळ घेऊन, सगळी तयारी करून झोप. पोर पुऱ्या दिवसांचं आहे, वजन चांगलं आहे, तू विडी-सिगारेट ओढत नाहीस. गादी सपाट हवी आणि कडक. उशी, दुलई, लोड, काहीही बाळाच्या आसपास नको. बाळ पाठीवर. दोघांच्या मध्ये नको, एकट्या आईच्या बाजूला. भिंतीशी फट नको. केस बांधलेले. आणि ज्याने दारूचा घोट घेतलाय किंवा झोपेची गोळी घेतलीय, तो माणूस त्या गादीवर नको.

एवढं बोलून त्यांनी धाकट्या मालकांकडे पाहिलं. ते म्हणाले, आपलं फक्त धंद्यापुरतं असतं. मग घाईघाईने त्यांनी पलंगावरच्या राजढगाची चादर बाजूला केली आणि मिठीविषयी बोलायला सुरुवात केली. डोळ्यांत पाणी यायच्या आत नर्सबाईंनी आपला पंजा गादीवर दाबला. पंजा आत गेला. काढला, तर ओल्या सिमेंटवर उमटावा तसा ठसा तिथेच राहिला, पाचही बोटांसकट.

"ह्याच्यावर बाळाला क्षणभरही ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या. "गादी कशी हवी सांगू? हात दाबला तर गादीने दाद देता कामा नये."

आणि काटा पिशवीत घालून निघून गेल्या. ठसा भरून यायला वेळ लागला. तोवर बापलेक त्याच्याकडे घरात मयत झाल्यासारखे बघत उभे होते.

सूनबाईचं मागणं साधं होतं. एक कडक गादी. महाग नको, नक्षीची नको. पण दुकानात कडक गादी मिळत नव्हती, कारण कडक गादीला ह्या घराण्यात चटई म्हणत आणि चटई हा शब्द शिवीसारखा वापरत. थोरले मालक म्हणाले की राजढगवाल्यांची सून कडक गादीवर झोपते हे बाजारात कळलं तर उद्या दुकानाला कुलूप लागेल. तिने जमिनीवर सतरंजी घालून पाहिलं. फरशी बर्फासारखी, बाळंतपणाची कंबर, सकाळी तिला उठवायला सासूबाईंना हात द्यावा लागला. संध्याकाळपर्यंत सतरंजीही माळ्यावर गेलेली होती. थोरल्या मालकांनी ती जातीने गुंडाळली होती, चोरीचा माल लपवावा तशी.

धाकट्या मालकांनी मात्र बायकोची काळजी मनावर घेतली. म्हणजे फारच झालं. पहिल्यांदा त्यांनी दुकानातून लोड आणले आणि राजढगाच्या मधोमध तटबंदी उभारली. आत बाळ, बाहेर आपण. सूनबाई म्हणाली, नाकाजवळ उशी नको म्हटलंय आणि तुम्ही उशांची भिंत बांधताय. आधी स्वतः आत झोपून दाखवा. ते झोपले. रात्री तटबंदी ढासळून सगळ्यात मोठा लोड त्यांच्या तोंडावर पडला, आणि कोणीतरी गळा दाबतंय म्हणून त्यांनी असा आरडाओरडा केला की शेजारचे काठी घेऊन आले. दुसऱ्यांदा त्यांनी राजढगाच्याच फोमची द्रोणासारखी बाळगादी करून घेतली. खड्ड्यात खड्डा, सूनबाई म्हणाली, आणि तिच्यात कांदे-बटाटे ठेवायला लागली. तिसऱ्यांदा त्यांनी आपल्या पायाच्या अंगठ्याला घंटी बांधली. झोपेत आपण बाळाच्या बाजूला वळलो तर घंटी वाजेल आणि आपल्याला जाग येईल, असा हिशेब. रात्रभर घंटी वाजत होती. जाग भोंग्याला येत होती. धाकटे मालक मिठीत होते.

भोंगा ह्यातल्या कशावरही झोपला नाही, कारण आईने त्याला ठेवलाच नाही. ती आता सोफ्यालाही भ्यायची. लाकडी खुर्चीत ताठ बसून, पेंग आली की स्वतःला चिमटा काढायची. हात हिरवेनिळे झाले होते. एकदा तर उभ्या उभ्या डोळा लागून ती दारावर आपटली, भोंग्याला कवटाळून, कपाळाने. सासूबाईंनी तिच्या कपाळावर ओलं फडकं धरलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, थोरल्या मालकांच्या बंद खोलीकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं.

दाराच्या त्या आपटीनंतर सूनबाईने कोणाला न विचारता समोरच्या बाजारातल्या दुकानातून कडक गादी मागवली.

टेंपो भरदिवसा फाटकाशी आला. थोरले मालक अंगणात होते. टेंपोवाल्याचा आवाज बाजारात घडलेला. कडक गादी, ह्याच घरातल्या सुनेच्या नावाने, कुठे टाकू, असं त्याने तीन घरांना ऐकू जाईल असं विचारलं. शेजारच्या गॅलऱ्यांमध्ये डोकी दिसायला लागली. थोरल्या मालकांचं डोकं अशा वेळी विजेसारखं चालायचं, आणि विजेसारखंच कुठेही पडायचं.

"कुत्र्यासाठी मागवलीय," ते म्हणाले.

टेंपोवाल्याने कुत्रा कुठाय विचारलं. कुत्रा फिरायला गेलाय, असं थोरले मालक म्हणाले. समोरच्या गॅलरीतल्या बाईने विचारलं की तुमच्याकडे कुत्रा कधीपासून आला. म्हणून तासाभरात दुकानातल्या हमालाला पाठवून रस्त्यावरून एक कुत्रा आणावा लागला. एका कानाचा, पिवळट, आयुष्याविषयी कसलीच तक्रार नसलेला. त्याला गळपट्टा घालून सगळ्या गॅलऱ्यांसमोरून फिरवण्यात आलं. थोरल्या मालकांनी त्याचं नाव ठेवलं नमुना. नमुना पडवीतल्या नव्या कोऱ्या कडक गादीवर चढला, चारही कोपऱ्यांना पाय वर करून मालकी जाहीर केली, आणि पाठीवर पडून, चारी पाय आभाळात करून, झोपला. त्या घरात त्या दुपारी असं झोपणारा तो एकटाच.

सूनबाईने खिडकीतून ते दृश्य पाहिलं. कडेवर भोंगा वाजत होता. कुत्र्याला उठवून त्या गादीवर आता बाळाला ठेवण्यात अर्थ नव्हता. त्या घरातल्या माणसांच्या तोंडी लागायचा तिला एकाएकी कंटाळा आला. शिळ्या भाजीचा यावा तसा.

धाकट्या मालकांना ही शांतता शरणागती वाटली. त्यांनी मोठ्या मनाने सुचवलं की रविवारी दुकानात ये, चारचौघांत तुला ग्लासाचा प्रयोग दाखवतो, पुन्हा एकदा, मग तुझी शंका फिटेल. रविवारी एक लॉजवालाही येणार होता, सगळ्या खोल्यांत राजढग टाकायचा त्याचा विचार होता. भरल्या दुकानात सूनबाई बाळाला घेऊन आली तर शोभाच येईल. सूनबाई लगेच हो म्हणाली. धाकट्या मालकांनी इथे तरी सावध व्हायला हवं होतं. पण सावध होणं हा त्यांचा विषय नव्हता.

रविवारी सकाळी तिने स्वयंपाकघरात एक जाड कापडी पिशवी घेतली आणि भोंग्याच्या वजनाइतकं पीठ तिच्यात भरलं. वरच्या बाजूला दोरी बांधून डोकं काढलं, डोक्यावर भोंग्याचं टोपडं घातलं, खाली त्याचे मोजे शिवले. नाक म्हणून एक लाल बटण. सासूबाई बघत होत्या. त्यांनी कपाटातून दुपटं काढून दिलं आणि म्हणाल्या, "नीट गुंडाळ. सर्दी व्हायची त्याला."

दुकानाचा वरचा मजला गजबजलेला होता. लॉजवाला आला होता, दात कोरत. एक जोडपं होतं, बाई पोटुशी, नवरा प्रत्येक गादीवर गुडघा टेकवून बघणारा. अजून दहा-बारा माणसं, नुसती टाळ्या वाजवायला आलेली. भोंगा आईच्या छातीशी झोळीत बांधलेला होता आणि अर्थातच गाढ झोपलेला होता. धाकट्या मालकांनी ग्लास भरला, ठेवला, बूट काढले, उडी मारली. थेंब सांडला नाही. टाळ्या पडल्या. त्यांनी मान खाली घातली, मग वर काढून बायकोकडे पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं की आमच्या मंडळींना शंका आहे की ह्या गादीवर बाळ झोपेल का. लोक प्रेमाने हसले.

"काचेसाठी ही गादी झकास आहे," सूनबाई म्हणाली. "मी स्वतः कारखान्यातून सगळा काचमाल ह्यातच पाठवला असता. पण अहो, काचेला श्वास घ्यावा लागत नाही."

आणि तिने पिठाचं बाळ राजढगाच्या मधोमध, पाठीवर, ठेवलं.

लोक पुढे सरकले. धाकटे मालक हसत हसत बाळाशेजारी आडवे झाले. पण ते मुळात शेवग्याच्या शेंगेसारखे. गादी त्यांच्याखाली खचली तरी बेताची. पिठाचं बाळ थोडं कलंडलं आणि थांबलं. धाकटे मालक म्हणाले, बघा. सूनबाई म्हणाली, एवढंच असेल तर मग बाबांनी एकदा झोपून दाखवावं, गादी त्यांची, नाव त्यांचं. थोरले मालक मागे, गल्ल्याशी उभे होते. एकाएकी त्यांना कसलंतरी काम आठवल्यासारखं झालं. पण लॉजवाल्याने दात कोरायचं थांबवलं आणि म्हणाला, हां, थोरल्यांना बघू द्या की झोपून. मग सगळेच म्हणायला लागले. थोरले मालक कोपऱ्यात सापडल्यावर नेहमी करायचे तेच त्यांनी केलं, पोराचा अपमान. सरक, तुला माल दाखवता येत नाही, असं म्हणून त्यांनी धोतर नेसवलेल्या गोणीसारखा आपला देह उचलला आणि राजढगाच्या काठावर ठेवला.

राजढगाने आधी थोडा विचार केला. मग मिठी मारली.

थोरले मालक बसले, मग कलले, मग उताणे झाले, आणि पिठाचं बाळ टेकडीवरून कलिंगड सुटावं तसं त्यांच्या दिशेने घरंगळत निघालं. एकदा पालथं, एकदा उताणं, आणि शेवटी पालथं होऊन, लाल बटण गादीत रुतवून, त्यांच्या कमरेखाली शिरलं. धाकट्या मालकांनी ते काढायला हात घातला, तर ते स्वतःच वडिलांच्या अंगावर कोसळले. गादी दोघांना घेऊन अजून खाली गेली. ग्लास मात्र जागच्या जागी. थेंब सांडला नाही.

सूनबाई हात बांधून उभी होती. नेमकी तेव्हा जिन्यावरून एक नवी बाई वर आली. तिला एवढंच दिसलं की एका अवाढव्य म्हाताऱ्याच्या कुल्ल्याखालून मोजे घातलेले दोन चिमुकले पाय बाहेर आलेत आणि पंधरा माणसं बघत उभी आहेत. तिने जी किंकाळी फोडली तिने भोंगा जागा झाला, आणि मग दोघांनी मिळून तो मजला डोक्यावर घेतला. बाईने पुढे धावून ते पाय धरले आणि ओढले. पोटुशी बाईच्या नवऱ्याने, ते पीठ आहे हे माहीत असूनही, तिला मदत केली. पिशवी टरकली.

पीठ आधी थोरल्या मालकांच्या कमरेखालून फुसकन निघालं, मग सगळीकडे. काही वेळ तिथे खरोखरच ढग होता. तो विरला तेव्हा पिठाने पांढरे झालेले थोरले मालक गादीच्या तळाशी हातपाय झाडत होते आणि धाकटे मालक त्यांच्या पोटावर बसून शिंकत होते. हमालाने दोघांना ओढून काढायचा प्रयत्न केला. थोरल्यांच्या कमरेत कुठेतरी काडी मोडल्यासारखा आवाज आला. आणि मग त्या माणसाने, ज्याने घराण्याच्या अब्रूसाठी रस्त्यावरचा कुत्रा घरात घेतला होता, आपल्या हाताने ती अब्रू खिडकीबाहेर टाकली.

"मला घरी न्या," ते कण्हले. "माझ्या फळीवर ठेवा मला."

लॉजवाल्याने पीठ झटकत विचारलं, कसली फळी. थोरले मालक भानावर असते तर काहीतरी सुचलं असतं त्यांना. पण कंबर मोडल्यावर विजेचंही काही चालत नाही.

"लाकडी फळी. वर बोटभर जाडीची गादी. आयुष्यभर तिच्यावरच झोपतोय मी." मग ते सात्त्विक संतापाने म्हणाले, "ह्या दलदलीत माणूस झोपेल का?"

कोणी हसलं नाही. हेच जास्त वाईट होतं.

घरी आल्यावर त्यांची खोली, जी कायम बंद असायची आणि जिच्यात त्यांचा आद्य राजढग आहे असं घरात मानलं जायचं, ती उघडली. आत दोघांना पुरेल एवढी रुंद फळी, तिच्यावर मखमली झालर लावलेली, झालरीखाली चापूनचोपून बसवलेली कडक गादी. सूनबाईने पंजा दाबला. गादीने दाद दिली नाही. तिने वळून सासूबाईंकडे पाहिलं.

"मला कोणी विचारलंच नाही," सासूबाई म्हणाल्या आणि शेक द्यायला पाणी तापवायला गेल्या. पुढे त्यांनी ह्या विषयावर एवढंच सांगितलं की हे बंद खोलीतलं दुकानात गेलं तर घर बुडेल, अशी त्यांना शपथ घातलेली होती. सून दारावर आपटली तेव्हाही त्यांना ती शपथ आठवली होती. सूनबाईने मनातल्या मनात त्यांचंही पॅकिंग केलं. बारीक पेंढा, पुठ्ठा, आणि वर चिठ्ठी: हे उघडू नये, आत काही नाही.

सगळ्यात जास्त लागलं ते धाकट्या मालकांना. केसांत पीठ तसंच, ते वडिलांच्या उशाशी उभे राहिले आणि म्हणाले, बाबा, मी तर लहानपणापासून राजढगावर झोपतोय. मला का कधी सांगितलं नाहीत.

थोरल्यांनी शेकाच्या पिशवीवरून पोराकडे पाहिलं. "गाद्या आधी कोणावर तरी वापरून बघाव्या लागतात," ते म्हणाले. "घरात गिऱ्हाईक दुसरं कोण होतं?"

आता कोणाला वाटेल की बापलेकांना लाज वाटली. छे. दुसऱ्या दिवशी लॉजवाला पुन्हा आला आणि म्हणाला, थोरले ज्याच्यावर झोपतात ते द्या. पोटुशी बाई नवऱ्याला घेऊन आली, तिलाही तेच हवं होतं, बाळासाठी. आठवड्याच्या आत दुकानाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, काचेच्या दाराआड, राजफळी आली. राजढगाहून महाग. पाटीवर लिहिलं होतं की ही घराण्याची गुप्त परंपरा, आता आपल्यासाठी. धाकट्या मालकांनी राजफळीसाठी नवा प्रयोग बसवला. तिच्यावर सुतारकामाचा हातोडा टाकायचा आणि आवाज ऐकवायचा. डोळ्यांतलं पाणी तेच.

पण पहिली राजफळी सूनबाईने दुकानात जाऊच दिली नाही. सुताराने आणली तशी ती आपल्या खोलीत, जमिनीलगत, भिंतीपासून सुटी टाकून घेतली. चादर ताणून खाली खोचली. स्वतःपुरती एक उशी, ती बाळापासून लांब. पांघरूण स्वतःच्या कमरेपर्यंत. केस वर बांधले. मग भोंग्याला पाठीवर ठेवलं आणि त्याच्या बाजूला, गुडघे पोटाशी घेऊन, त्याच्याभोवती कुंपणासारखी आडवी झाली. भोंग्याने तोंड वाकडं केलं, वाजायची तयारी केली, नाकाला आईचा वास आला, आणि बेत रद्द केला. दूध प्यायला. पुन्हा पाठीवर आला. झोपला.

धाकट्या मालकांना त्या खोलीत प्रवेश नव्हता. त्यांचं धंद्यापुरतं चालूच होतं. राजढग बाहेरच्या खोलीत हलवला होता, सोफा काढून त्या जागी, आणि विकत घ्यायला आता कोणी उरलं नसल्यामुळे ते रोज रात्री एकटेच त्याच्यावर झोपायचे. त्या रात्री लॉजवाल्याबरोबर जरा जास्तच धंदा झाला होता. ते आले, बसले, उतरत गेले. थोड्या वेळाने बाहेरून हाक आली. अगं, जरा हात दे गं, मला उठायचंय.

सूनबाईने डोळे उघडले. भोंग्याच्या नाकासमोर बोट धरलं. श्वास आला, गेला, आला. दुसरी हाक आली, जरा घुसमटलेली. घुसमटलेली असली तरी हाक होती, म्हणजे नाक बाहेर होतं. पडवीतला नमुना आपल्या गादीवरून उठला, दारातून आत आला, राजढगाच्या काठाशी उभा राहून आतल्या माणसाकडे एका कानाने थोडा वेळ बघत राहिला, आणि परत जाऊन झोपला.

सूनबाईने पांघरूण कमरेपर्यंत ओढलं आणि डोळे मिटले.